सिटाडेल कॉन्ट्रास्ट: बॉक्सवरचं चित्र एक, बाटलीतला रंग दुसराच

वॉरहॅमर हा मिनिएचरांचा, म्हणजे छोट्या रंगवलेल्या सैनिकांचा, टेबलावरचा युद्धखेळ बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपने जून २०१९मध्ये सिटाडेल कॉन्ट्रास्ट रंग बाजारात आणले ते एका मोठ्या दाव्यासकट: एकाच थरात मूळ रंग, सावली आणि उजेड, तिन्ही मिळतील. दावा बऱ्याच अंशी खरा आहे. तरीही हे रंग घेतलेल्या पुष्कळांची निराशा होते. त्यांच्या डोळ्यांसमोर बॉक्सवरचं चित्र असतं, आणि हा रंग त्या शैलीसाठी बनलेलाच नाही. वॉरहॅमरच्या चित्रांची शैली १९८३पासून अनेकदा मुळापासून बदलली आहे. त्यातल्या एका काळाच्या चित्रांशी कॉन्ट्रास्टचं गोत्र तंतोतंत जुळतं, काहींशी अर्धंमुर्धं, आणि एका काळाशी अजिबात नाही. म्हणून बाटली विकत घेण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न हा: माझी फौज कोणत्या काळातल्या चित्रातून उतरल्यासारखी दिसायला हवी आहे?

आधी रंगाचा स्वभाव. नेहमीचा वॉश, म्हणजे सावलीसाठीचा पातळ रंग, खाचांत उतरतो आणि सपाट भाग जवळजवळ कोरा सोडतो. कॉन्ट्रास्टमध्ये रंगद्रव्य वॉशपेक्षा बरंच जास्त असतं आणि माध्यम पारदर्शक, संथ वाळणारं. त्यामुळे तो सपाट भागावर पातळ पडदा ठेवतो, खाचेत जाड होतो आणि उठावाच्या कडांवरून ओसरतो. कडेवर दिसणारा उजेड खरं तर खालच्या प्रायमरचा, म्हणजे सर्वांत आधी मारलेल्या अस्तराच्या रंगाचा असतो. म्हणजे निम्मं काम प्रायमर करतो. यासाठीच कंपनीने सोबत दोन स्प्रे काढले: रेथबोन हा पिवळसर, उबदार पांढरा आणि ग्रे सीअर हा थंड, राखाडी पांढरा. दोन्हींचा पोत नेहमीच्या मॅट प्रायमरपेक्षा गुळगुळीत आहे. खरबरीत मॅट प्रायमरवर कॉन्ट्रास्ट वाहत नाही, जागच्या जागी शोषला जातो आणि डाग धरतो. स्वस्तातला कुठलाही पांढरा स्प्रे मारून "रंग पसरतच नाही" अशी तक्रार करणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा इथेच असते.

आता चित्रांकडे. १९८३ची वॉरहॅमरची पहिली आवृत्ती म्हणजे खोक्यात तीन पुस्तिका, आत काळी-पांढरी रेखाटनं आणि बाहेर जॉन ब्लांश यांचं चित्र. १९८७च्या तिसऱ्या आवृत्तीच्या जाड पुठ्ठ्याच्या ग्रंथावर जॉन सिबिक यांचं चित्र आलं. पण त्या काळाची खरी ओळख १९८८ आणि १९९० साली आलेल्या, केऑस या खेळातल्या दुष्ट शक्तींवरच्या दोन खंडांत आहे. इअन मिलर यांच्या काटेरी, गिचमिड रेषा, टोनी ॲकलंड यांचे राक्षस, ब्लांश यांचे गेरू-तपकिरी कागद आणि त्यावर एखादाच रक्तासारखा लाल ठिपका. ही शाईची चित्रं आहेत. सावली रेषांनी भरलेली, शाई कागदात पसरलेली, कडेला डाग वाळलेले. ब्लांश यांनी पुढे कित्येक वर्षं कंपनीच्या चित्रविभागाची धुरा सांभाळली, २०२३मध्ये निवृत्त झाले, आणि 'व्हाइट डवार्फ' मासिकातल्या त्यांच्या 'ब्लांचित्सू' सदरामुळे तीच शैली मिनिएचरवर उतरवणाऱ्यांची एक पिढी तयार झाली.

कॉन्ट्रास्ट या शैलीसाठीच जन्माला आला आहे असं माझं ठाम मत आहे. शाईसारखं वाहणं हा त्याचा मूळ गुण, आणि इथे डाग हा दोष राहत नाही.

कृती अशी. रेथबोनचा प्रायमर पूर्ण वाळू द्या. स्केलेटन होर्ड हा हाडांचा रंग आणि कॉन्ट्रास्ट मीडियम, म्हणजे रंग पातळ करणारं बिनरंगी माध्यम, समप्रमाणात मिसळून संपूर्ण मिनिएचरवर एक हात द्या. २८ मिलिमीटर मापाच्या एका सैनिकाला मिश्रणाचे पाच-सहा थेंब पुरतात. अर्धा तास वाळू द्या. जुन्या कागदाचा रंग तयार. आता त्यावरच बाकीचे रंग: कातड्याला स्नेकबाइट लेदर, कापडाला वायल्डवुडचा एक भाग आणि मीडियमचे दोन, धातूच्या जागी बॅसिलिकॅनम ग्रेचा पातळ थर आणि नंतर फक्त धारेवर लेडबेल्चर या धातूच्या रंगाचा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने घासलेला रंग. लाल एकाच ठिकाणी, फ्लेश टेअरर्स रेड, मग ती झग्याची किनार असो वा जीभ. दुसऱ्या ठिकाणी लाल लावण्याचा मोह आवरा, चित्राचं वजन त्या एका ठिपक्यावरच पेललेलं असतं. त्यानंतर ब्लॅक टेम्प्लरचा एक थेंब आणि मीडियमचे दोन घेऊन शून्य नंबरच्या ब्रशने सावलीच्या भागात बारीक समांतर रेघा मारा, एकेक मिलिमीटर अंतरावर. लांबून त्या सावलीत मिसळतात, जवळून पेनाने ओढल्यासारख्या दिसतात. शेवटी रेथबोनचाच बाटलीतला रंग नाकावर, बोटांच्या पेरांवर, कवटीच्या कपाळावर टेकवा. अनुभवी हाताला सैनिकामागे पाऊण तास लागतो आणि निकाल थेट १९८८च्या पानावरचा येतो.

१९९२ची चौथी आवृत्ती मात्र वेगळ्याच जगातली. हाय एल्फ विरुद्ध गोब्लिन, रंगीत पुस्तकं, रंगीत कार्डं, दुकानाच्या मांडणीवर लांबून डोळ्यांत भरणारी खोकी. भडक लाल, हळदी पिवळा, पोपटी हिरवा. भाल्यांचे दांडेसुद्धा लाल, आणि बेसची, म्हणजे सैनिकाच्या पायाखालच्या बैठकीची, कड ठरलेल्या गोब्लिन ग्रीनने रंगवलेली. कंपनीचा चित्रकार-चमू 'एव्ही मेटल' तेव्हा जे मिनिएचर रंगवत होता, त्यांवरचा प्रत्येक रंग अपारदर्शक, भरीव आणि एकसारखा असे. सावली काळी नाही, तर त्याच रंगाची गडद छटा. उजेड म्हणजे त्याच रंगाची स्वच्छ रेघ. अनेकांना ही शैली बालिश वाटते. मला ती टेबलावर सर्वांत वाचनीय वाटते: चार फुटांवरून कुठली तुकडी कुठली ते चटकन कळतं, आणि खेळासाठी रंगवलेल्या फौजेत ही फार मोलाची गोष्ट आहे.

इथे कॉन्ट्रास्ट पार आपटतो. पांढऱ्यावर ब्लड एंजल्स रेड लावला तर सरबतासारखा पारदर्शक लाल मिळतो. ढालीवर तो मध्ये फिका आणि कडेला गडद होतो. दुसरा थर दिला तर फिकेपणा जातो, डाग वाढतात. या शैलीसाठी जुनाच रस्ता धरा: मेफिस्टन रेडचे दोन थर, प्रत्येकात रंगाच्या निम्मं पाणी, खाचांत कॅरोबर्ग क्रिमसनचा वॉश, सपाट भाग पुन्हा मेफिस्टनने साफ, मग इव्हिल सन्झ स्कार्लेट आणि कडांवर वाइल्ड रायडर रेडची बारीक रेघ. जुन्या गोब्लिन ग्रीनच्या जागी आज वॉरबॉस ग्रीन आहे, बेसची वाळू आणि कड दोन्ही त्यानेच. एकच अपवाद, गोब्लिनची कातडी. सुरकुत्या, चामखिळी, मोठं नाक असलेल्या त्या चेहऱ्यांवर ग्रे सीअरवर वॉर्प लाइटनिंगचा एक थर दिला की नव्वदच्या दशकातला हिरवा जवळपास फुकटात मिळतो. नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर मूट ग्रीन तेवढा हाताने द्यायचा.

२००० साली सहावी आवृत्ती आली आणि रंग उतरले. एम्पायर हे माणसांचं साम्राज्य विरुद्ध ऑर्क, सोळाव्या शतकातल्या जर्मन भाडोत्री सैनिकांसारखे फुगीर, चिरलेल्या बाह्यांचे कपडे, चिखल, गंज, ढगाळ आभाळ. पॉल डेंटन, कार्ल कोपिन्स्की यांच्या चित्रांत माणसं थकलेली, हाडकुळी, दात पडलेली दिसतात. अशा फौजेसाठी कॉन्ट्रास्ट अर्धा उपयोगी, आणि त्याची रूढ पद्धत म्हणजे जिला हल्ली सगळे 'स्लॅपचॉप' म्हणतात ती: काळा प्रायमर, त्यावर सगळीकडे मध्यम राखाडीचा जोरकस ड्रायब्रश, मग फक्त वरच्या बाजूने पांढऱ्याचा हलका ड्रायब्रश, आणि त्या काळ्या-पांढऱ्या चित्रावर कॉन्ट्रास्ट. पद्धत वेगवान आहे, वीस जणांची तुकडी दोन संध्याकाळींत उरकते.

तिच्या दोन खोडी माहीत असायला हव्यात. ड्रायब्रशमध्ये ओलावा कमी आणि जोर जास्त झाला तर पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी राहते. कॉन्ट्रास्ट पारदर्शक असल्याने ती झाकत नाही, उलट रंगीत करून दाखवतो. ब्रश किंचित ओलसर ठेवा, रंग कागदावर नाही तर पोत असलेल्या पुठ्ठ्यावर पुसा. दुसरी खोड पिवळ्याची. राखाडीवर इयांडेन येलो लावला की तो शेवाळी दिसतो, कारण पिवळ्याखाली काळसर थर आला की डोळ्याला हिरवा भासतो. एम्पायरच्या अर्ध्या परगण्यांच्या गणवेशांत पिवळा किंवा पांढरा असतोच. त्या बाह्यांपुरता आधी रेथबोन बाटलीतून ब्रशने लावा, मग पिवळा. लालही राखाडीवर मरतो, पण चिखलातल्या सैनिकांना ते शोभून जातं.

जानेवारी २०२४मध्ये 'द ओल्ड वर्ल्ड' नावाने जुनं जग परत आलं आणि ब्रेटोनिया (घोडेस्वार सरदारांची फौज) व टूम किंग्ज (सांगाड्यांची फौज) यांचे जुने साचे पुन्हा विक्रीला आले. हे साचे या मधल्या काळाचे आहेत: ठळक घड्या, जाडसर पट्टे, खोल खाचा. कॉन्ट्रास्टला असेच मिनिएचर मानवतात. टूम किंग्जचे सांगाडे तर रेथबोनवर स्केलेटन होर्डच्या एका हातात होतात. ब्रेटोनियाच्या सरदारांच्या घोड्यांवरच्या झुली मात्र सावध राहून रंगवा, घड्यांच्या मधले पट्टे रुंद आहेत. जुन्या फौजेत नव्या तुकड्या मिसळणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं: माणसांच्या पायदळाचे जुने बेस २० मिलिमीटरचे चौकोनी, नव्या नियमांत २५चे. रंगवून झाल्यावर पाय उपटण्यापेक्षा आधीच बदला.

आता सर्वांत अवघड काळ, आजचा. २०१५मध्ये 'एज ऑफ सिग्मार' आलं, सोन्याच्या चिलखतातले स्टॉर्मकास्ट आले आणि चित्रं बहुतांशी डिजिटल झाली: एका बाजूने केशरी उजेड, दुसऱ्या बाजूने निळा, शस्त्रांतून फुटणारं तेज, गुळगुळीत धातूवर आभाळाचं प्रतिबिंब. तोवर शिल्पकामही हिरव्या पुट्टीतून संगणकावर गेलं होतं. पूर्वी पुट्टीत हाताने कोरलेल्या मिनिएचरवर प्रत्येक इंचात काहीतरी खोदलेलं असायचं. आता काटेकोर, आरशासारखे सपाट पत्रे शक्य झाले, आणि चित्रांनी ते मागितलेच. २०२१च्या नव्या आवृत्तीत स्टॉर्मकास्टचं थंडरस्ट्राइक चिलखत आलं, ते जास्त सडपातळ आणि प्रमाणबद्ध, पण पत्रे तितकेच सपाट.

२०२४चा स्केव्हनटाइड बॉक्स या बाबतीत फार शिकवून जातो, कारण एकाच खोक्यात कॉन्ट्रास्टचे मित्र आणि शत्रू दोन्ही बसलेत.

स्केव्हन म्हणजे उंदीर: केस, चिंध्या, शेपट्या, गंजकी पाती. क्लॅनरॅट या साध्या उंदीर-सैनिकांच्या तुकडीला रेथबोन मारून केसांना गोअर-ग्रुंटा फर, काहींना वायल्डवुड. कातडी आणि शेपटीला गिलिमन फ्लेश आणि मीडियम समप्रमाणात. चिंध्यांना क्रीड कॅमो. नखं-दातांना स्केलेटन होर्ड. धातू लेडबेल्चर, त्यावर वायल्डवुड आणि मीडियमचं पातळ पाणी म्हणजे गंज. वॉर्पस्टोन हा त्यांचा चमकता हिरवा दगड आधी शुद्ध पांढरा करा, दोन थर, मग वॉर्प लाइटनिंग. पांढरा खाली नसेल तर तो चमकणार नाही. साखळीपद्धतीने, म्हणजे एक रंग सगळ्यांना, मग दुसरा, असं केलं तर पहिल्याचा रंग वाळेपर्यंत शेवटचा रंगवून होतो. इथे कॉन्ट्रास्टला तोड नाही. बॉक्सवर 'एव्ही मेटल'ने रंगवलेल्या उंदरांच्या शेजारी हे ठेवले तर फरक कडांवरच्या उजेडाचा, बाकी काही नाही.

स्टॉर्मकास्टच्या मोठ्या ढालींवर मात्र हाच रंग लावून पाहा: दहा मिनिटांत खालच्या कडेला थारोळं, मध्ये ढगासारखे डाग. पृष्ठभागाला उतार नाही, खाच नाही, मग रंग जाईल कुठे? चिलखताला रेट्रिब्युटर आर्मर, खाचांत राइकलँड फ्लेशशेड, वर लिबरेटर गोल्ड, आणि कडांवर स्टॉर्महोस्ट सिल्व्हर. ढालीला कँटर ब्लूचे दोन पातळ थर. कॉन्ट्रास्टची जागा यानंतर येते, आणि अनेकांना ती माहीतच नसते: लेव्हियाडन ब्लूचा एक भाग आणि मीडियमचे तीन असं पातळ करून ढालीच्या फक्त खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, ब्रश जवळजवळ कोरडा करून, खालच्या दिशेने ओढा. वाळलं की आणखी एकदा, थोड्या खालून. तीन-चार फेऱ्यांत चित्रातल्यासारखी छटा उतरते, एअरब्रश न वापरता. तेजासाठीही तेच: पांढऱ्यावर एथरमॅटिक ब्लू पातळ करून, उगमाशी पांढरा तसाच सोडून. पेणच्या मूर्तिशाळेत अंगकांती स्प्रे गनने होते आणि डोळ्यांची आखणी हातानेच करावी लागते. स्टॉर्मकास्टच्या बाबतीत तसंच, सोय जिथे संपते तिथून चेहरा सुरू होतो. कॉन्ट्रास्टकडून सगळं मागू नका.

वापरातल्या चुका थोड्याच आहेत, पण त्या सगळे करतात. बाटली किमान अर्धा मिनिट हलवा. रंगद्रव्य तळाशी बसलेलं असतं आणि वरचा पातळ भाग लावला तर रंग फिकट येतो. ओल्या पॅलेटवर कॉन्ट्रास्ट ठेवू नका, तो पाणी पिऊन सैरावैरा पळतो. साधी टाइल किंवा प्लास्टिकचं झाकण उत्तम. पातळ करायला पाणी नको, कॉन्ट्रास्ट मीडियमच. पाण्याने रंगाची पकड सुटते आणि वाळताना कडेला चहाच्या कपासारखी वर्तुळं उमटतात. एक भाग एका दमात रंगवा, म्हणजे झगा तर पूर्ण झगा. थारोळं साचलं तर पहिल्या मिनिटभरात ओलसर ब्रशने टिपून घ्या. त्यानंतर ते साय धरू लागतं, तेव्हा हात लावाल तर पापुद्रा निघून पांढरं उघडं पडेल. बिघडलं तर पूर्ण वाळू द्या आणि प्रायमरच्याच रंगाने तेवढा भाग झाकून पुन्हा करा.

कड घासली जाणं हा या रंगाचा सर्वांत मोठा दोष. उठावांवर थर फारच पातळ असतो, बोटांनी धरून खेळताना तो झिजतो, धातूच्या जुन्या मिनिएचरवर तर आणखी लवकर. रंगवताना मिनिएचर बाटलीच्या झाकणावर चिकटवून धरा आणि शेवटी वॉर्निश दिल्याशिवाय टेबलावर नेऊ नका.

मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर हा स्प्रेचा काळ नव्हे. दमट हवेत फवारा मिनिएचरवर पोचण्याआधीच बिघडतो आणि पृष्ठभागावर दाणे धरतात किंवा पांढरट धुकं बसतं. गुळगुळीतपणा गेला की कॉन्ट्रास्टचा अर्धा जीव गेला. एक तर पावसाळ्याआधी सगळं प्रायमर करून ठेवा, नाहीतर ब्रशने लावायचा वालेहोचा सरफेस प्रायमर घ्या, दोन पातळ थर, मध्ये पूर्ण वाळवून, आणि वर बाटलीतल्या रेथबोनचा एक थर. स्प्रेचे डबे ज्वलनशील म्हणून विमानाच्या सामानातही चालत नाहीत, तेव्हा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला बाटल्या सांगा, डबे नकोत. पावसाळ्यात दोन रंगांमधली अर्ध्या तासाची विश्रांतीही तासभर करा.

पर्याय आता आहेत. आर्मी पेंटरच्या स्पीडपेंटची पहिली आवृत्ती वाळल्यावरही ओल्या ब्रशने पुन्हा सुटत असे, त्यामुळे वर दुसरा रंग लावणं धोक्याचं होतं, २०२३च्या २.० आवृत्तीत ते सुधारलं. जुना साठा स्वस्तात मिळत असेल तर बाटलीवर २.० लिहिलंय का ते बघूनच घ्या. वालेहोचा एक्सप्रेस कलर जास्त मॅट वाळतो आणि ब्लांशच्या शाईशैलीला छान जातो. तिन्हींत बाटली १८ मिलिलिटरची, पण त्या दोघांच्या बाटल्या थेंबाच्या आहेत आणि सिटाडेलची झाकण उघडणारी, जिला धक्का लागला की टेबल रंगतं. मोजून मिश्रण करणाऱ्याला थेंबाची बाटली कितीतरी सोयीची. सिटाडेल घ्यायचं कारण दोन: रेथबोनशी असलेली जुळणी, आणि स्केलेटन होर्ड, गोअर-ग्रुंटा फर, वॉर्प लाइटनिंग हे तीन रंग, ज्यांच्या तोडीचे दुसरीकडे मला तरी दिसले नाहीत.

संपूर्ण संच घेऊ नका. १९८८ची शैली हवी असेल तर स्केलेटन होर्ड, वायल्डवुड, स्नेकबाइट लेदर, फ्लेश टेअरर्स रेड, ब्लॅक टेम्प्लर आणि मीडियमच्या दोन बाटल्या. मीडियमच सर्वांत आधी संपतं. उंदरांची फौज असेल तर लालऐवजी गोअर-ग्रुंटा फर, गिलिमन फ्लेश आणि वॉर्प लाइटनिंग. नव्वदच्या दशकातली फौज असेल तर ते पैसे मेफिस्टन रेड, वॉरबॉस ग्रीन आणि एका चांगल्या बारीक ब्रशवर घाला. स्टॉर्मकास्टसाठी लेव्हियाडन ब्लू आणि मीडियम, बस. आणि वॉर्निश मॅट घेणार असाल तर क्रम पाळा: आधी सगळे कॉन्ट्रास्ट, मग मॅट वॉर्निश, तो पूर्ण वाळल्यावर धातूचे रंग. उलट केलंत तर लेडबेल्चर राखाडी आणि सोनं मोहरीसारखं दिसेल.